गिट: संघागणिक एक ब्रँच झालीय, आता कोणता वर्कफ्लो धरावा?

संकलनवाला

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

कोल्हापूर भागातली छोटी कंपनी आहे आमची. दूध संघ आणि गावोगावच्या दूध संस्थांसाठी सॉफ्टवेअर करतो. तीन भाग आहेत: संस्थेच्या संगणकावर बसणारा संकलनाचा प्रोग्रॅम (वजनकाटा आणि फॅट मशीन त्यालाच जोडलेलं असतं), संघाच्या ऑफिससाठी वेब पोर्टल, आणि उत्पादकांसाठी मोबाइल अ‍ॅप. डेव्हलपर सात.

गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं अवजार) आहे, पण नावाला. पहिला संघ आला तेव्हा एकच ब्रँच, म्हणजे कोडची एकच शाखा, होती. दुसऱ्याला फॅट-एसएनएफचं (स्निग्धांश आणि बाकीचे घन पदार्थ यांवरचं) दरपत्रक वेगळं हवं होतं, घाई होती, म्हणून त्याची ब्रँच वेगळी काढली. तिसऱ्याला बिलात पशुखाद्याच्या कपातीचे रकाने वेगळे. असं करत करत आज प्रत्येक संघाची स्वतंत्र ब्रँच आहे, आणि मेनमध्ये (मुख्य ब्रँचमध्ये) नेमकं काय आहे हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही.

२०२५च्या सप्टेंबरात जीएसटीचे दर बदलले तेव्हा कळस झाला. ३ तारखेला घोषणा, २२पासून अंमल. तूप-लोणी १२ वरून ५ टक्क्यांवर, पॅकबंद पनीर शून्यावर. बदल चार ओळींचा. पण तो प्रत्येक ब्रँचमध्ये चेरी-पिक करायचा, म्हणजे तेवढाच बदल उचलून तिथे लावायचा, आणि प्रत्येक ठिकाणी कॉन्फ्लिक्ट (दोन बदलांची टक्कर) निराळा. तेवढ्यात बाकीची सगळी कामं ठप्प.

आता मालक म्हणतात, एकदाचं काय ते ठरवा. आमचे सीनियर गिट-फ्लोच्या बाजूचे. पुण्याहून आलेली नवी मुलगी म्हणते ट्रंक-बेस्ड करा, म्हणजे सगळ्यांनी एकाच मुख्य ब्रँचवर काम करायचं. दोघांचं ऐकून माझं डोकं फिरलंय. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

मर्जमहर्षी

गिट-फ्लो घ्या आणि मोकळे व्हा. ब्रँच ठरलेल्या: मेन, डेव्हलप, फीचर, रिलीज, हॉटफिक्स (तातडीची दुरुस्ती). प्रत्येक गोष्टीची जागा ठरलेली. नवीन माणूस आला की चित्र दाखवायचं, विषय संपला. आमचं काम विमा क्षेत्रातलं आहे, वर्षानुवर्षं हेच चाललंय, कुणाचं काही अडलेलं नाही.

सदाशिव_डॉट_पेठ

ज्याने ते चित्र काढलं तोच आता वापरा म्हणत नाही हो. व्हिन्सेंट ड्रिसेनने गिट-फ्लोचा तो लेख जानेवारी २०१० मध्ये लिहिला आणि मार्च २०२० मध्ये स्वतःच वर टीप जोडली: तुमची टीम वेब अ‍ॅप सतत रिलीज करत असेल तर हे गळ्यात घेऊ नका, गिटहब फ्लोसारखं साधं काहीतरी वापरा. लोकांनी त्याची पोथी करून टाकली, ही त्याची तक्रार.

आणि धागाकर्ते, तुमच्याकडे वर्कफ्लो नाहीच आहे. येईल त्या भाडेकरूला स्वतंत्र जिना काढून दिलेला वाडा आहे तो. त्यावर गिट-फ्लो लावा नाहीतर ट्रंक, जिने तेवढेच राहणार.

मर्जमहर्षी

टीप अर्धीच सांगितलीत पेठकर. पुढे तो असंही म्हणतो की सॉफ्टवेअरला ठरीव आवृत्त्या असतील, किंवा एकाच वेळी अनेक आवृत्त्या बाहेर सांभाळाव्या लागत असतील, तर गिट-फ्लो अजूनही चालेल. संस्थेच्या संगणकावर बसणारा प्रोग्रॅम म्हणजे नेमकं तेच ना?

ट्रंकेश्वर

(पॉपकॉर्न घेऊन बसलोय)

अटलांटाचे_आबा

मर्जमहर्षी, टीप तुम्ही बरोबर वाचलीत, पण चित्र एकदा पुन्हा पाहा. त्यात रिलीज ब्रँच मेनमध्ये आणि डेव्हलपमध्ये मर्ज झाली (मिसळली) की काढून टाकतात. हॉटफिक्स निघते मेनवरून, म्हणजे सर्वांत ताज्या रिलीजवरून. आता समजा ४.० बाहेर पडलीय आणि चंदगडच्या एखाद्या संस्थेत अजून ३.२ चालू आहे. ३.२ मधली चूक दुरुस्त करायची कुठे? त्या चित्रात जागाच नाही. गिट-फ्लोच्या कमांडलाइन अवजारात 'सपोर्ट' नावाची ब्रँच होती, तीही प्रायोगिक म्हणून. म्हणजे ज्या गरजेपोटी लोक गिट-फ्लो घेतात, तीच त्यात कच्ची आहे. मिळते काय, तर डेव्हलप आणि मेन अशा दोन कायमच्या ब्रँच, आणि प्रत्येक दुरुस्ती दोन्हीकडे गेली ना याची काळजी.

मी सीव्हीएसपासून (गिटच्या आधीचं तसंच अवजार) या धंद्यात आहे. त्यानंतरच्या सबव्हर्जनमध्ये ब्रँच काढणं स्वस्तच होतं, मर्ज करणं महाग. २००८ मध्ये १.५ येईपर्यंत कोणती रिव्हिजन कुठे मर्ज झाली हे त्याला लक्षातच राहत नसे, आम्ही वहीत लिहून ठेवायचो. त्यामुळे लोक ब्रँच काढायला घाबरायचे. २००५ मध्ये लिनक्सच्या लिनस टोरवाल्ड्सने गिट लिहिलं तेव्हा मर्ज सोपं झालं, ती भीती गेली, आणि मग सगळ्यांचा हात सैल सुटला. तुमच्या संघागणिक ब्रँचचं मूळ तिथे आहे.

पण ज्या लिनक्स कर्नलसाठी (त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यासाठी) गिट जन्मलं तिथली शिस्त फारसं कुणी उचलत नाही. दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती. पहिले साधारण दोन आठवडे मर्ज विंडो, तेवढ्यातच नवीन गोष्टी आत घ्यायच्या. त्यानंतर नुसत्या दुरुस्त्या, दर आठवड्याला एक आरसी (रिलीज कँडिडेट, म्हणजे चाचणीची आवृत्ती), आरसी-७ किंवा ८ पर्यंत. जुन्या आवृत्त्या सांभाळणारे स्टेबल वृक्ष वेगळे, आणि त्यांचा नियम असा की दुरुस्ती आधी टोरवाल्ड्सच्या मुख्य वृक्षात गेलेली हवी, मगच ती स्टेबलमध्ये घेतात. उलट दिशेने नाही. तुमच्याकडे चार ओळींसाठी जी धावपळ झाली, तिला हा एक नियम बराच आवर घालेल.

आता मला सांगा, तिन्ही भागांच्या आज किती आवृत्त्या बाहेर चालू आहेत? आणि अपडेट कधी व्हायचं हे तुमच्या हातात आहे की त्यांच्या? याचं उत्तर आल्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही.

संकलनवाला

आबा, सविस्तर प्रतिसादाबद्दल आभारी आहे.

पोर्टल: एकच आवृत्ती, आमच्या सर्व्हरवर, केव्हाही बदलू शकतो. म्हणजे आवृत्ती एक, ब्रँच मात्र दरसंघ. लिहिताना माझं मलाच विचित्र वाटतंय.

अ‍ॅप: लोक अपडेट करत नाहीत. फोनमध्ये जागा नसते.

संस्थेचा प्रोग्रॅम: इथे खरी गंमत. काही गावांत नेट बेताचं, आमचा सर्व्हिस इंजिनिअर पेनड्राइव्ह घेऊन जातो. अपडेट करायचं तर सकाळचं संकलन संपल्यावर आणि संध्याकाळचं सुरू व्हायच्या आत. दहा दिवसांचं बिल असतं, त्यामुळे १, ११ आणि २१ तारखेच्या आसपास सचिव संगणकाला हात लावू देत नाहीत. दीड-दोन वर्षं जुन्या आवृत्त्याही चालू आहेत.

वऱ्हाडी_बॅकएंड

भाऊ, सचिवाचं बरोबर आहे. पैशे वाटायच्या दिवशी मीबी हात लावू देनार नाही.

ट्रंकेश्वर

आता माझी पाळी. पुण्याच्या त्या मुलीचं ऐका.

गूगलच्या लोकांनी २०१६ मध्ये त्यांच्या कोडसाठ्यावर लेख लिहिला होता. सुमारे २ अब्ज ओळी, ८६ टेराबाइट, २५ हजारांवर डेव्हलपर, आणि जवळपास सगळे एकाच ट्रंकवर. सॉफ्टवेअर टीम्सचा अभ्यास करणाऱ्या डोरा गटाच्या संशोधनातही तेच: कोडसाठ्यात तीन किंवा कमी चालू ब्रँच, आणि दिवसातून निदान एकदा ट्रंकमध्ये मर्ज, हे चांगल्या टीम्सचं लक्षण. सात जणांना अडचण ती काय? ब्रँच काढा, संध्याकाळपर्यंत मर्ज करा. अर्धवट काम फीचर फ्लॅगमागे (कोडचा भाग चालू-बंद करणाऱ्या बटणामागे) लपवा.

वऱ्हाडी_बॅकएंड

कायले गूगलची गोष्ट काढता राजेहो. त्याहिच्यापाशी दर कमिटमागे (नोंदवलेल्या बदलामागे) धावणाऱ्या टेस्ट आहेत. धागाकर्ते, तुमच्यापाशी टेस्ट किती हायेत ते सांगा.

संकलनवाला

दरपत्रकाच्या हिशोबाला आहेत. बाकी... इंजिनिअर संस्थेत जाऊन पाहतो.

वऱ्हाडी_बॅकएंड

मंग ट्रंक म्हंजे रोज सकाळी मोडलेलं मेन. सहा जनं थांबलेले, सातवा दुरुस्त करून राह्यला.

ट्रंकेश्वर

उलट आहे. टेस्ट नाहीत म्हणून मर्ज लांबवलं तर मोडतोड टळत नाही, फक्त महिन्याने दिसते, आणि तेव्हा ती कुणाच्या कमिटने झाली हे शोधावं लागतं. लहान कमिट रोज आत गेले तर गिट बायसेक्ट हजार कमिटमधून दहाएक फेऱ्यांत दोषी काढून देतं.

आणि गूगलसुद्धा रिलीजसाठी ट्रंकवरून ब्रँच काढतं, गरजेपुरत्या दुरुस्त्या तिच्यावर चेरी-पिक करतं. ट्रंक-बेस्ड म्हणजे ब्रँचच नको असं कुणी म्हणत नाही. रिलीज ब्रँचवर कुणी नवीन काम करायचं नाही, एवढंच.

अटलांटाचे_आबा

हे बरोबर. म्हणजे ट्रंकेश्वर आणि कर्नल एकाच गोष्टीवर आले बघा.

टेस्टरताई

फीचर फ्लॅगचं नाव इतक्या सहज घेतलं म्हणून लिहिते.

१ ऑगस्ट २०१२, नाइट कॅपिटल, अमेरिकेतली शेअर दलाल कंपनी. नव्या कोडसाठी त्यांनी एक जुना फ्लॅग पुन्हा वापरला. तो फ्लॅग पूर्वी 'पॉवर पेग' नावाचा कोड चालू करायचा. २००३ पासून तो वापरात नव्हता, पण काढलेलाही नव्हता. नवा कोड आठपैकी सात सर्व्हरवर गेला. आठव्यावर फ्लॅग लागला तेव्हा जुना कोड जागा झाला. पाऊण तासात ४० कोटी डॉलरहून जास्त नुकसान, आणि कंपनी पुढे दुसऱ्यांच्या ताब्यात गेली.

आता हे तुमच्या संस्थांवर घालून बघा. तिथे आठ नाही, शेकड्यांनी संगणक आहेत आणि प्रत्येकावर आवृत्ती वेगळी. तिथे फ्लॅगचं नाव पुन्हा वापरलंत तर दीड वर्ष जुना प्रोग्रॅम त्याचा काय अर्थ लावेल?

माझं म्हणणं फ्लॅग नकोत असं नाही. दोन जाती वेगळ्या ठेवा. एक, काम चालू आहे म्हणून तात्पुरता लपवलेला फ्लॅग. त्याला मालक आणि काढण्याची तारीख हवी, आणि रिलीज झाल्यावर तो काढायचं काम त्याच माणसाचं. दुसरा म्हणजे संघाची कायमची निवड: दरपत्रक कुठलं, कपाती कुठल्या, बिलाचा नमुना कुठला. त्याला फ्लॅग म्हणूच नका, ते सेटिंग आहे, ते डेटाबेसात राहील आणि त्याच्या प्रत्येक पर्यायाला टेस्ट लागेल. दोन्ही एकाच फाइलीत कोंबले की वर्षभराने कुणालाच सांगता येत नाही काय काढायचं आणि काय ठेवायचं.

मशीनची सबब सांगू नका हं, सगळे सांगतात. वजनकाटा सीरियल पोर्टवरून अक्षरंच पाठवतो ना? एका संस्थेतलं सकाळचं संकलन जसंच्या तसं फाइलीत नोंदवून घ्या आणि टेस्टमध्ये तीच फाइल प्रोग्रॅमला वाचायला द्या. काट्याची जेवढी मॉडेल्स तेवढ्या फाइली. इंजिनिअरचा पेट्रोलचा खर्चही वाचेल.

सदाशिव_डॉट_पेठ

ताई, प्रतिसाद आवडला. जीएसटीबद्दल माझी भर: कराचा दर कोडमध्ये असणं हाच मूळ रोग. दर टेबलात हवा, 'या तारखेपासून लागू' अशा रकान्यासह. जुन्या बिलावर क्रेडिट नोट निघाली तर जुनाच दर लागतो, त्यामुळे जुनी ओळ पुसायचीही नाही. असं असतं तर सप्टेंबरात गिटला हातच लावावा लागला नसता.

मांडवी_काठचो

डेटाबेसाबद्दल कुणीच बोलत नाहीये म्हणून लिहितो. गोव्यात हॉटेलांचं बुकिंग सॉफ्टवेअर करतो आम्ही, तिथेही प्रोग्रॅम ग्राहकाच्या संगणकावर असतो.

कोडची ब्रँच बदलली म्हणून ग्राहकाचं टेबल बदलत नाही. दोन ब्रँचवर दोघांनी मायग्रेशनला (टेबलाची रचना बदलणाऱ्या फाइलीला) ४८ हाच क्रमांक दिला, दोन्ही मर्ज झाल्या, गिटला कॉन्फ्लिक्ट दिसला नाही कारण फाइलींची नावं वेगळी. ग्राहकाकडे एकच धावली. त्यामुळे क्रमांकाऐवजी तारीख-वेळ वापरा, आणि मायग्रेशन फक्त मेनवरच जन्माला येऊ द्या, रिलीज ब्रँचवर कधीच नाही. रकाना काढायचा असेल तर एका रिलीजमध्ये नवीन घाला आणि दोन्हीत लिहा, जुना काढायचा तो जुनी आवृत्ती वापरणारं कुणीच उरलं नाही की. हाच नियम पोर्टलच्या एपीआयलाही (अ‍ॅप ज्यातून पोर्टलशी बोलतं त्या जोडणीलाही) लागतो, कारण तुमचे अ‍ॅपवाले अपडेट करणार नाहीत हे तुम्हीच सांगितलंय.

बाकी वर्कफ्लो कोणताही घ्या.

मर्जमहर्षी

बाकी कोणताही घ्या कसं, धाग्याचा विषयच तो आहे. :)

असो. गिट-फ्लो मागे घेतो, पण एक अट. रिव्ह्यूशिवाय मेनमध्ये काही जाऊ नये. आणि मर्ज करताना स्क्वॉश करा, म्हणजे ब्रँचचे सगळे कमिट एकात गोळा करा, इतिहास स्वच्छ राहतो.

ट्रंकेश्वर

रिव्ह्यूला पाठिंबा, पण पुल रिक्वेस्ट (मर्ज करण्याची विनंती) तीन दिवस पडून राहिली की ट्रंक-बेस्ड नावापुरतंच उरतं. सात जणांत सकाळी चहाआधी रिव्ह्यू आटपायचे, असा काही दंडक घाला.

अटलांटाचे_आबा

स्क्वॉशबद्दल थांबा. एक-दोन दिवसांच्या फीचर ब्रँचला स्क्वॉश उत्तम. पण ज्या दोन ब्रँच पुढेही जगणार आहेत त्यांच्यात स्क्वॉश करू नका. स्क्वॉशने दोन ब्रँचचं नातं गिटच्या नोंदीत येत नाही. पुढच्या मर्जला तेच बदल पुन्हा समोर येतात, तेच कॉन्फ्लिक्ट पुन्हा सोडवायचे.

आता मुख्य कामाबद्दल, म्हणजे आहे त्या संघ-ब्रँचांचं काय करायचं. त्या मेनमध्ये मर्ज करायला जाऊ नका. इतक्या काळानंतर त्यातून हाती फक्त कॉन्फ्लिक्ट लागतील. मी असं करेन.

सर्वांत निरोगी ब्रँच निवडा, बहुधा मोठ्या संघाची असेल, आणि तिलाच नवी मेन म्हणा. जुन्या मेनला टॅग लावा आणि विसरा. मग दुसऱ्या एका संघाची ब्रँच घ्या, सर्वांत कमी फरक असलेली, आणि दोन्हींचा डिफ (फरकांची यादी) कागदावर काढून दोघांनी बसा. प्रत्येक फरकाचे ढीग करा. काही फरक नुसते आकडे आणि नावं असतील, ते सेटिंगमध्ये जातील. काही बिलाचे आणि अहवालाचे नमुने असतील, ते टेम्प्लेटच्या फाइली होतील. काही खरोखर निराळे हिशोब असतील, तिथे कोडमध्ये एक ठरलेली जागा करून प्रत्येक हिशोब वेगळ्या मॉड्यूलमध्ये टाका. माझा अंदाज आहे की हा ढीग सर्वांत लहान निघेल. आणि चौथा ढीग निघतोच: एका संघासाठी दुरुस्त केलेली चूक, जी बाकीच्यांकडे अजून तशीच आहे. तो आधी उचला.

कोणते कमिट आधीच आलेत हे बघायला 'गिट चेरी' कमांड आहे, ती बदलाचा मजकूर ताडून सांगते. पण कॉन्फ्लिक्ट सोडवताना ज्यात फेरफार झाला तो कमिट तिला ओळखू येत नाही, 'आलेला नाही' म्हणून दाखवते. तुमच्याकडे असे भरपूर असणार, त्यामुळे तिच्या यादीवर डोळे झाकून विसंबू नका.

एक संघ नव्या मेनवर आला, दोन बिलं नीट निघाली, जुन्या प्रोग्रॅमच्या आकड्यांशी पैशापर्यंत जुळली, की त्याची ब्रँच टॅग करून बंद करा. खरोखर बंद, म्हणजे पुश करताच येणार नाही अशी. मगच पुढचा संघ. मध्ये कुणी 'फक्त यांच्यापुरतं पटकन' म्हणत आलं तर ते काम नव्या मेनवर सेटिंग म्हणूनच करायचं, मालकांनी सांगितलं तरी.

सदाशिव_डॉट_पेठ

शेवटच्या तीन शब्दांसाठी आबांना दंडवत.

टेस्टरताई

पैशापर्यंत जुळवताना राउंडिंग बघा. दोन ब्रँचमध्ये राउंडिंग वेगळ्या पायरीवर केलेलं असेल तर लिटरमागे फरक दिसणार नाही, बिलाच्या बेरजेत दिसेल. आणि उत्पादकाला तेवढंच दिसतं.

संकलनवाला

मंडळी, काल बैठक झाली. ठरलं ते असं.

पोर्टल: एकच मेन, लहान ब्रँच, रिव्ह्यू झाला की मर्ज आणि त्याच दिवशी सर्व्हरवर. डेव्हलप ब्रँच नाही.

संस्थेचा प्रोग्रॅम: त्याच मेनवरून ठरावीक काळाने रिलीज ब्रँच काढायची. दुरुस्ती आधी मेनवर, मग चेरी-पिक, आणि चेरी-पिक करताना -एक्स लावायचं म्हणजे मूळ कमिटचा क्रमांक संदेशात राहतो. रिलीज ५ किंवा १५ तारखेच्या सुमाराला, बिलाच्या दिवसांपासून लांब. आधी जवळच्या चार-पाच संस्थांत, एक पूर्ण बिल निघालं की बाकीच्यांकडे.

अ‍ॅप: मेनवरूनच, प्ले स्टोअरवर टप्प्याटप्प्याने. पोर्टलचा जुना एपीआय चालू ठेवायचा.

संघ-ब्रँचांसाठी आबांची पद्धत. पहिला संघ निवडलाय. डिफ छापून काढला तेव्हा सीनियर आणि ती पुण्याची मुलगी एकाच टेबलाला बसले, दुपारी बघितलं तर दोघं मिळून माझ्याच जुन्या कोडला नावं ठेवत होते.

एकच अडकलंय. जुन्या किती रिलीज सांभाळायच्या? मालक म्हणतात सगळ्या, कारण एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) तसं स्पष्ट काही लिहिलेलं नाही.

मांडवी_काठचो

चालू आणि तिच्या मागची एक. त्याहून जुनी असेल तर आधी अपडेट, मग दुरुस्ती. आम्ही हे एएमसीच्या कलमातच घातलंय, आणि अपडेटची भेट त्याच पैशात दिली म्हणून कुणी कुरकुरलं नाही. इंजिनिअरच्या दोन फेऱ्या वाढल्या, पण जुन्या रिलीजवर चेरी-पिक करणं थांबलं.

संकलनवाला

कलमाचा मसुदा व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का?

मांडवी_काठचो

केलाय. ग्राहकाचं नाव खोडलंय, नमुना मात्र इंग्रजीत आहे, वकिलाकडून मराठी करून घ्या.

वऱ्हाडी_बॅकएंड

मलेबी पाठवा राजेहो, आमचीबी तीच बोंब हाय.